दुखत नाही म्हणून तारीख चुकवू नका

(पंचतारांकित एमआयडीसीलगतच्या गावांतल्या ग्रामसंघांच्या एकत्रित सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच ताईंनी ‘हे लिहून द्या’ म्हणून सांगितलं, त्यामुळं छापत आहोत.)



अजेंड्यावर आरोग्य हा विषय शेवटी असतो. कर्जवाटप संपेपर्यंत निम्म्या ताई उठलेल्या असतात, कारण कुणाच्या मालकांची पाळी सुटायची वेळ झालेली असते, कुणाला धारा काढायच्या असतात. म्हणून आज अध्यक्ष ताईंना विनंती करून हा विषय मी पहिला घेतलाय. वीस-पंचवीस मिनिटं द्या.

विषय लहान मुलांच्या डोळ्यांचा आहे. चष्म्याचा नाही, डोळे येण्याचाही नाही. असा आजार, ज्यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही, आणि तरीही आतल्या आत नजर कमी होत जाते. हा आजार फार थोड्या मुलांना होतो. मग सगळ्यांना कशाला सांगायचं? कारण ज्या घरात तो येतो, त्या घराला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं. शेजारणीला माहीत असलं तर तीच पहिल्यांदा म्हणेल, “अगं, हिचा डोळा दाखवून आण.”

कुंपणानंच शेत खाल्लं तर

आपल्या शरीराला कुंपण आहे. रोगजंतू आत आले की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी रक्तात असतात. त्यालाच आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. पण काही जणांत हे कुंपणच शेत खायला लागतं. बाहेरचा शत्रू नसताना शरीर आपल्याच अवयवावर हल्ला करतं. डॉक्टर याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. मराठीत स्वयंप्रतिकार आजार.

त्यातलाच एक म्हणजे लहान मुलांचा संधिवात. संधिवात म्हटलं की आपल्याला सासूबाईंचे गुडघे आठवतात. पण तो दोन-तीन वर्षांच्या पोरांनाही होतो. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाचा एखादा सांधा सहा आठवड्यांपेक्षा जास्त सुजलेला राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. ओळखायची एक खूण लक्षात ठेवा. मूल सकाळी उठल्यावर आखडलेलं असतं, लंगडतं, आणि दहा-अकरा वाजेपर्यंत मोकळं होऊन पळायला लागतं. त्यामुळं घरात म्हणतात, “नाटकं करतंय शाळेला जायला नको म्हणून.” ते नाटक नसतं.

आता डोळ्याचा संबंध. या मुलांपैकी काहींच्या डोळ्यातही तशीच सूज येते. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो, तिथं आणि त्याच्या मागं. तिला युव्हायटिस म्हणतात. मुलगी असेल, आजार सात वर्षांच्या आत सुरू झाला असेल, थोडेच सांधे सुजले असतील आणि रक्ताची एएनए नावाची तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर धोका जास्त. बहुतेक वेळा ही सूज सांधे धरल्यापासून पहिल्या चार वर्षांत येते. कधीकधी सांध्याच्या आधी डोळाच धरतो.

मोठ्या माणसाच्या डोळ्यात अशी सूज आली तर बऱ्याचदा डोळा लालभडक होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. या मुलांच्या डोळ्यात तसं काहीच होत नाही. डोळा बाहेरून पांढराशुभ्र. आणि लहान मूल ‘मला कमी दिसतंय’ असं सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. एका डोळ्यानं चांगलं दिसत असेल तर ते त्याच डोळ्यावर सगळं भागवतं.

म्हणजे मुलाची तक्रार येण्याची वाट बघत बसलो, तर उशीरच होणार.

एका ताईची गोष्ट

आपल्याच भागातल्या एका गटातली ही ताई. नाव, गाव सांगणार नाही. तिनं स्वतःच सांगितलं, “सांगा बायकांना, पण पोरीचं नाव घेऊ नका.” मालक फाईव्ह स्टारला फौंड्रीत, कंत्राटी. ही घरी पैंजणाला घुंगरू जोडायचं काम करते. मुलगी तेव्हा पाच वर्षांची.

उजवा गुडघा सुजला. आधी वाटलं अंगणवाडीत पडली. तेल चोळलं. मग हाड बसवणाऱ्याकडं नेलं. दोन महिने गेले. शेवटी कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी संधिवाताचं निदान केलं आणि डोळ्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. सासूबाई म्हणाल्या, “दुखतोय गुडघा आन् डोळं कशाला तपासायचं? पैसं काढायची कामं.” तरी ताई गेली. डोळे चांगले निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा या, असं कागदावर लिहिलेलं होतं.

तीन महिन्यांनी गुडघा उतरला होता. पोरगी उड्या मारत होती. मालकांचा खाडा पडला असता, तिचं पैंजणाचं काम द्यायचं होतं. ‘चांगलीच हाय की, पुढच्या महिन्यात जाऊ’ असं म्हणता म्हणता सात महिने गेले. मग पहिलीच्या बाईंनी निरोप पाठवला की मुलगी फळ्यावरचं बघताना मान वाकडी करते.

तपासलं तेव्हा उजव्या डोळ्याची बाहुली आत चिकटली होती. गोल राहिली नव्हती. मोतीबिंदूही धरायला लागला होता. डाव्या डोळ्यात सूज नुकती सुरू झालेली. उपचार लगेच सुरू झाले. आज डावा डोळा चांगला आहे. उजव्यानं तिला तक्त्यावरच्या वरच्या तीनच ओळी वाचता येतात. सूज आता दोन्ही डोळ्यांत नाही. पोरगी शाळेत जाते आणि घर डोक्यावर घेते.

ताई मला म्हणाली, “मीच आंधळी झालो होतो, मॅडम.” मी तिला एवढंच म्हटलं की बिनदुखता डोळा जातो हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. कागदावर तारीख लिहिलेली होती, पण ती तारीख का आहे ते लिहिलेलं नव्हतं. ते ‘का’ आज आपण समजून घेऊ.

कवडसा

कौलारू घरात दुपारी फटीतनं उन्हाची तिरीप येते बघा. कवडसा. एरवी घरातली हवा आपल्याला स्वच्छ दिसते, पण त्या कवडशात धुळीचे कण तरंगताना दिसतात. डोळ्याचे डॉक्टर अगदी हेच करतात. मूल हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसतं. त्या यंत्राला स्लिट लॅम्प म्हणतात. त्यातनं प्रकाशाची एक बारीक पट्टी डोळ्यात सोडतात. डोळ्याच्या पुढच्या भागात जे पाणी असतं ते एरवी स्वच्छ असतं. सूज असेल तर त्या पट्टीत पेशी तरंगताना दिसतात, उन्हातल्या धुळीसारख्या.

टॉर्च मारून हे दिसत नाही. शाळेत तक्ता वाचून घेतला तरी सुरुवातीला कळत नाही, कारण नजर त्या वेळी पूर्ण असू शकते. आईनं कितीही निरखून बघितलं तरी दिसत नाही. म्हणून यंत्रावरच तपासायचं. धोका जास्त असलेल्या मुलांची दर तीन महिन्यांनी, बाकीच्यांची सहा ते बारा महिन्यांनी. कुणाला किती दिवसांनी हे डॉक्टर ठरवतील. सूज सापडून औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी थेंब कमी केले, तर साधारण महिन्याभरात परत बघावं लागतं, कारण थेंब कमी झाल्यावर ती पुन्हा उठू शकते.

उशीर झाला तर काय होतं? बाहुली मागच्या भिंगाला चिकटते. मोतीबिंदू होतो. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. बुबुळावर पांढरा पट्टा येतो. आणि लहान वयात एक डोळा अंधूक राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडनं काम घेणंच सोडतो. ही यादी घाबरवायला सांगत नाही. आजार वेळेवर पकडला आणि उपचार नीट चालवले, तर बहुतेक मुलांची नजर चांगली राहते. तारखेला म्हणून एवढी किंमत आहे.

आपली पंचसूत्री, डोळ्यासाठी

बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. झोपेत विचारलं तरी तुम्ही सांगाल. अशा मुलाच्या आईबापाला हीच पाच सूत्रं उपयोगी आहेत.

*पहिलं, नियमित बैठक.* म्हणजे डोळ्याची तपासणी. गटात कुणाला कर्ज नको असलं तरी बैठक होतेच ना? तसंच. गुडघा बरा असला, पोरगं हसतखेळत असलं, तरी तारीख चुकवायची नाही. कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा. ऊसतोड, यात्रा, लग्न आड आलं तर आठवडाभर आधी जाऊन या, पण पुढं ढकलू नका.

*दुसरं, नियमित बचत.* म्हणजे डोळ्यात घालायचे थेंब. सुरुवातीला ते दिवसातनं बऱ्याच वेळा घालावे लागतात. सोपं नसतं. पोरगं पळतं, रडतं, डोळे गच्च मिटतं. एक युक्ती सांगते. मुलाला उताणं झोपवा, डोळे मिटू द्या, नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब टाका आणि मग डोळा उघडायला सांगा. थेंब आपोआप आत जातो. नंतर तो कोपरा बोटानं मिनिटभर हलका दाबून धरा. आधी हात धुवायचे. बाटलीवर ‘हलवून वापरा’ लिहिलं असेल तर नीट हलवायची. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. बाहुली मोठी करायचे थेंब असतील तर मुलाला जवळचं अंधूक दिसतं, उन्हात डोळे दिपतात. त्यात घाबरायचं काही नाही. टोपी घाला आणि शाळेत सांगून ठेवा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून घ्या. हे थेंब बहुतेक स्टिरॉइडचे असतात. ते आपल्या मनानं अचानक बंद करायचे नाहीत. आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधनं आपल्या मनानं आणून महिनोन्‌महिने घालायचेही नाहीत. त्यानंसुद्धा डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदू होतो. एका मुलाचे थेंब दुसऱ्याच्या डोळ्यात तर कधीच नाही. एरंडेल, मध, आईचं दूध, कसल्या पाल्याचा रस, हेही डोळ्यात नको.

*तिसरं, अंतर्गत कर्ज.* गटात एकीची अडचण दुसरीच्या पैशानं भागते. घरातही तसंच पाहिजे. दवाखाना, थेंब, गोळ्या, शाळा, सगळं आईच्याच डोक्यावर असलं तर सहा महिन्यांत ती आई दमते. आजार मात्र वर्षानुवर्षं चालू शकतो. म्हणून वाटणी करा. सकाळचे थेंब आईचे. बाप दुसऱ्या पाळीला जाणार असेल तर दुपारच्या आतले त्याचे, पहिल्या पाळीला असेल तर संध्याकाळचे. आजोबांनी तारीख लक्षात ठेवायची. थेंब घालायला बापालाही शिकवा. “मला जमत न्हाई” म्हणतील. फौंड्रीत तापलेलं लोखंड ओतणाऱ्या हाताला एक थेंब जमत नाही का, असं विचारा त्यांना.

*चौथं, नियमित परतफेड.* म्हणजे औषधाचा कोर्स शेवटपर्यंत नेणं. थेंबांनी भागलं नाही तर डॉक्टर मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. गोळी किंवा इंजेक्शन. हे आठवड्यातनं एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. रोज नाही. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवा, समजा रविवार, आणि घरात एकाच माणसानं ते द्यायचं. डबा वर ठेवायचा. याच्या जोडीला फोलिक ॲसिड देतात, तेही डॉक्टर सांगतील त्या दिवशी. काही मुलांना मळमळतं. तसं झालं तर सांगा, डॉक्टर मार्ग काढतात. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, ते चुकवू नका. आणि या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या ताई बघितल्यात.

त्यानंही भागलं नाही तर ॲडॅलिमुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. साधारण दर दोन आठवड्यांनी, कातडीखाली. २०१७ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशाच ९० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट चालूच होतं. त्यातल्या ६० जणांना सोबत हे इंजेक्शन दिलं, ३० जणांना नुसतं पाण्यासारखं. इंजेक्शन मिळालेल्या ६० पैकी १६ मुलांचा आजार आटोक्यात राहिला नाही. न मिळालेल्या ३० पैकी १८ जणांचा. म्हणजे शंभरात सत्तावीस कुठं आणि साठ कुठं. औषध महाग आहे, पण २०१४ पासून आपल्या देशातही ते तयार होतंय, त्यामुळं पूर्वीपेक्षा आवाक्यात आलंय. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नका. इथं लपवलेलं मुलाला महागात पडेल.

ही औषधं प्रतिकारशक्तीचा जोर कमी करतात. कुंपणाला जरा आवरून धरतात म्हणा. म्हणून ताप आला, घरात किंवा शेजारी कांजिण्या आल्या, तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि कोणतीही लस, अगदी पोलिओचे थेंबसुद्धा, देण्याआधी औषधाचं नाव आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांना विचारून मगच द्या.

*पाचवं, हिशोब.* एक शंभर पानी वही. पहिल्या पानावर आजाराचं नाव, औषधांची नावं, किती आणि कधी. पुढं तपासणीची तारीख, डॉक्टर काय म्हणाले, डोळ्याचा दाब किती, पुढची तारीख कोणती. सगळे कागद एकाच पिशवीत. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी वही बोलते. आपल्या सीआरपी ताई गटाची वही लिहितात तशीच ही लिहायला मदत करतील.

घरातलं बोलणं

आता औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट. हा आजार आईच्या खाण्यानं होत नाही. गरोदरपणी ग्रहण बघितलं म्हणून होत नाही. कुणाच्या नजरेनं होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळं ताट-वाटी, टॉवेल वेगळा करायचं कारण नाही. सुनेला बोल लावणाऱ्या ज्या काकी-मावशी इथं बसल्यात, त्यांना हात जोडून सांगते. त्या पोरीच्या आईला आधीच रात्री झोप लागत नसते.

“पोरीची जात हाय, कुणाला सांगू नका, लग्नाला आड येईल.” हे मी अनेक घरांत ऐकलंय. काळजी खरी आहे, तिची मी चेष्टा करत नाही. गावभर सांगायची गरज नाहीच. पण तीन ठिकाणी सांगावंच लागतं. वर्गशिक्षिकेला, आशाताईला आणि गटातल्या एका विश्वासू मैत्रिणीला. बाईंना माहीत असलं तर त्या पुढच्या बाकावर बसवतील, मधल्या सुट्टीत थेंब घालू देतील, गुडघा सुजला असेल त्या दिवशी पळायला लावणार नाहीत. लपवलं तर तीच मुलगी वर्गात ‘ढ’ ठरते.

आणि शाळा बंद करायची नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. महाराज मूळचे आपल्या कागलच्याच घाटगे घराण्यातले. त्यांच्या गावच्या पोरीची शाळा डोळ्याच्या आजारानं सुटायला नको. नजर कमी झालेल्या मुलांसाठी कागलच्या गटसाधन केंद्रात विचारा. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात.

मुलाशीही बोला. पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. “तुझ्या डोळ्यातले शिपाई चुकून भांडायला लागलेत, त्यांना शांत करायला हा थेंब.” एवढं पुरतं. थेंब दिला म्हणून रोज चॉकलेट देऊ नका, पण वहीवर त्याच्या हातानं एक खूण करू द्या. आणि घरात दुसरं मूल असेल तर त्याच्याकडंही बघा. ते बिचारं गप्प बसतं.

दोनशे वर्षांपूर्वीचे एक आईबाप

अंध मुलं बोटांनी वाचतात ती ब्रेल लिपी आपल्याला माहीत आहे. ती तयार करणारा लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मला. बाप चामड्याचं काम करायचा, घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचा. लुई तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीसारख्या हत्याराशी खेळताना ते डोळ्यात घुसलं. एक डोळा गेला. आणि मग, काही न लागलेला दुसरा डोळाही गेला. पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण अंधार.

दुसरा डोळा का गेला? आजचे डॉक्टर सांगतात की एका डोळ्याला खोल जखम झाली की क्वचित शरीर डोळ्याच्या आतल्या भागालाच शत्रू समजायला लागतं आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी चांगल्या डोळ्यावरही हल्ला करतं. म्हणजे हाही कुंपणानं शेत खाण्याचाच प्रकार. त्या काळी यावर औषध नव्हतं. आईबापानं मग जे हातात होतं ते केलं. बापानं काठी करून दिली, लाकडावर खिळे ठोकून बोटांनी अक्षरं शिकवली. गावच्या शाळेत घातलं. दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत पाठवलं. पंधराव्या वर्षी त्या पोरानं आपली लिपी मांडली.

ही गोष्ट दोन कारणांसाठी सांगितली. आपल्या भागात घराघरात हत्यारं आहेत. कुठं चपला शिवायची आरी, कुठं चांदीकामाची तार-कात्री, कुठं ग्राइंडर. मुलाच्या डोळ्यात काही घुसलं तर चोळू नका, धुवत बसू नका, स्वतः उपटून काढू नका. वरून वाटी झाका आणि त्याच दिवशी डोळ्याचा दवाखाना गाठा. आणि दुसरं कारण असं की त्या आईबापाकडं औषध नव्हतं. आपल्याकडं आहे. आपलं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे.

पैसा आणि हक्क

आता खर्चाचं. सगळ्यात आधी मालकांची पगाराची पावती बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतं. कामगाराच्या पगारातनं पाऊण टक्का कापतात, मालक कंपनी सव्वातीन टक्के भरते. पगार १६,००० असेल तर आपले कापले जातात १२० रुपये. कंत्राटी कामगारालाही हे लागू आहे. त्या १२० रुपयांवर कामगाराच्या बायकोचा आणि मुलांचाही औषधोपचाराचा हक्क आहे. पण मुलीचं नाव त्या नोंदीत चढवलंय का? बऱ्याच घरांत नवराबायकोचीच नावं निघतात. उद्याच विचारा. पावतीच मिळत नसेल, तर ठेकेदाराला ईएसआय नंबर मागा.

ईएसआय नसेल तर कोल्हापूरचं सीपीआर आहे. तिथं मुलांचा विभाग आणि डोळ्यांचा विभाग एकाच आवारात. पुढचं मोठं केंद्र कुठलं ते तेच चिठ्ठी देऊन सांगतात. मोतीबिंदू-काचबिंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. रोजचे थेंब मात्र या योजनेत बसत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी पथकाची गाडी येते. २०१३ पासून हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. गाडी आली त्या दिवशी पोरगं घरी ठेवू नका. लंगडणं, सुजलेला सांधा, वाकडी मान, सगळं तोंडानं सांगा.

दोन्ही डोळ्यांची नजर बरीच कमी झाली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात. एजंटाला पैसे देऊन टक्के वाढवायच्या नादाला लागू नका.

आता ठराव

नुसतं ऐकून उठू नका. तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घेऊ.

एक. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत विचारायचं की कुणाच्या मुलाचा सांधा दीड महिन्यापेक्षा जास्त सुजलेला आहे का, सकाळी लंगडतं का, बाहुली वाकडी दिसते का, मान तिरकी करून बघतं का. असेल तर त्या आठवड्यात आशाताईंसोबत दवाखान्यात.

दोन. असं मूल गटात असेल तर त्याची तपासणीची तारीख गटाच्या वहीतही लिहायची. हप्त्याची आठवण करतो तशी तिची आठवण करायची. आई एकटी असेल तर कुणीतरी सोबत जायचं. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेवढं आपण करू शकतो.

तीन. जाण्या-येण्यासाठी, औषधासाठी पैसे अडले तर ग्रामसंघाच्या व्हीआरएफमधनं मदत द्यायची. तो निधी अशाच वेळेसाठी आहे. सावकाराकडं किंवा मायक्रोफायनान्सच्या दारात त्या आईला जावं लागू नये.

ज्या ताईची गोष्ट सांगितली, तिच्या गटानं हे आधीच सुरू केलंय. तिची पुढची तारीख त्यांच्या सचिव ताईंच्या वहीत लिहिलेली आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर सभेनंतर थांबा, मी शेवटच्या एसटीपर्यंत इथंच आहे. आता कर्जवाटपाचा विषय घेऊ.